शिपलॅपच्या फळ्या: उन्हाळ्यात फटी, पावसाळ्यात फुगवटा आणि दरवर्षी तीच दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा अशी येते. दिवाळीच्या आधी हॉलच्या एका भिंतीला शिपलॅप, म्हणजे कडा एकमेकींवर चढवलेल्या लाकडी फळ्यांचं आवरण, बसवलं, पांढरा रंग दिला, फोटो झकास आले. मार्चपर्यंत सगळं ठीक. एप्रिल तापायला लागला की फळ्यांमधल्या रेघा रुंद होतात आणि प्रत्येक रेघेच्या आत कच्च्या लाकडाची पिवळट पट्टी दिसू लागते. सुताराला बोलावलं, त्याने फटींत लांबी (पुट्टी) भरली, वरून रंगाचा हात मारला, पैसे घेतले. श्रावणात त्याच भिंतीला पोट येतं. एखादी फळी उभी चिरते, खिळ्यांची डोकी वर येतात, रंगाला तडे जातात. पावसाळा संपल्यावर त्याची दुरुस्ती होते, आणि वैशाखात परत फटी.

लातूर असो, परभणी असो की संभाजीनगर, दोष ठरलेल्या ठिकाणी जातो: "पाईन हलकं निघालं, सागवान लावायला पाहिजे होतं." सागवान लावलं असतं तर त्रास थोडा कमी झाला असता, गेला नसता. बऱ्याच घरांत लाकूड ठीकच असतं. मे महिन्यात भरलेली फटच ऑगस्टमध्ये फळीला जागा ठेवत नाही, आणि ऑगस्टमध्ये दाबली गेलेली फळी पुढच्या मेमध्ये आणखी मोठी फट दाखवते. म्हणजे दुरुस्तीच दुखणं वाढवते. हे चक्र कुठे तोडायचं ते पुढे सांगतो, पण आधी ही फळी कशी काम करते ते बघू, नाहीतर उपाय पटणार नाही.

फळीची रचना

शिपलॅपच्या फळीला दोन्ही लांब कडांना रिबेट, म्हणजे पायरीसारखी खाच, मारलेला असतो, एका कडेला पुढून आणि दुसऱ्या कडेला मागून. खाचेमुळे उरलेली पातळ कड म्हणजे ओठी. खालच्या फळीची मागची ओठी वरच्या फळीच्या पुढच्या ओठीमागे जाते. नर-मादीच्या सांध्यात एक फळी दुसरीत घुसून अडकते, तसं इथे काहीच अडकत नाही. फळ्या फक्त एकमेकींवर चढलेल्या असतात. हा प्रकार मूळचा थंड मुलखातल्या कोठारांच्या आणि शेडच्या बाहेरच्या भिंतींचा. पाऊस वरून खाली ओघळून जावा आणि फळी आकसली तरी मागची भिंत उघडी पडू नये, एवढाच हेतू. घराच्या आत, सजावटीसाठी, तो फार नंतर आला.

रिबेट साधारण १० मिमी खोल असतो. याचा अर्थ फळी ३ मिमी आकसली तरी ७ मिमी चढाव उरतो आणि भिंत दिसत नाही. सांधा मुळात फट पडणार हे धरूनच केलेला आहे. आपण ती भरतो तेव्हा त्या सांध्याचा उपयोगच काढून घेतो.

आता आकडे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी हवेची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, त्या हवेत बरेच दिवस राहिलेल्या फळीत ५-६ टक्के ओलावा उरतो. जुलै-ऑगस्टमध्ये तीच फळी १३-१४ टक्क्यांवर जाते. फरक झाला साधारण ८ टक्के. पाईनची नेहमीची कापणी धरली तर ओलाव्याच्या दर टक्क्यामागे रुंदी पाव टक्का बदलते. १५० मिमी म्हणजे सहा इंची फळीला हे ३ मिमी पडतं. सागवानाला दोन-सव्वादोन. दहा फुटी भिंतीवर अशा वीस फळ्या आडव्या लावल्या असतील तर सगळ्यांचं मिळून कागदावर ६० मिमी, चांगली चार बोटं. एवढी जागा कुठेतरी लागणारच. ती फटीत ठेवली नाही, तर लाकूड ती भिंतीच्या पुढे येऊन घेतं.

मुंबई-कोकणात आर्द्रता वर्षभर जास्त असते, त्यामुळे हा झोका लहान असतो. मराठवाड्यात तो मोठा आहे. म्हणून कोकणातल्या घरात नीट राहिलेलं काम बीडला जसंच्या तसं केलं की फसतं.

आधी कारण ओळखा

प्रत्येक फट हवामानाची नसते. एक स्टीलची पट्टी घ्या, फूटपट्टी चालेल, आणि ती एकाच फळीवर रुंदीच्या दिशेने उभी धरा. मागून मोबाइलची बॅटरी तिरपी मारा. पट्टी दोन्ही कडांना टेकली आणि मधे खालून उजेड आला, तर फळी आत वाकली आहे. तिची मागची बाजू पुढच्यापेक्षा ओली आहे, म्हणजे भिंतीतून ओल येतेय. उलट पट्टी मधल्या भागावर टेकून कडांना डुलत असेल, तर पुढची बाजू जास्त ओली किंवा मागची जास्त कोरडी. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्यात हे दिसतं, कारण दुपारचं ऊन भिंत तापवून फळीची पाठ सुकवतं. फळी सपाट आहे आणि सगळ्या भिंतीभर फटी सारख्याच आहेत, तर हा साधा ऋतूचा खेळ. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

फक्त तळाच्या दोन-तीन फळ्या बिघडल्या असतील तर फरशी पुसायच्या पाण्याकडे बघा. शहाबादी फरशीवर बादली ओतून धुवायची सवय असलेल्या घरात फळी थेट फरशीला टेकवलेली असली की तिची खालची कड दररोज पाणी पिते. न्हाणीघराच्या पाठीमागच्या भिंतीवर ठरावीक उंचीवरच बिघाड असेल तर आतली पाइप तपासा. फळ्या काढण्याआधी प्लंबरला बोलावलेलं स्वस्त पडतं.

आणि फटी तिरक्या रेषेत, खिडकीच्या कोपऱ्यातून वर चढत गेल्या असतील, तर विषय लाकडाचा नाहीच. काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात माती भेगाळली की खाली बसतात, पावसात उचलली जातात, आणि भिंतीला कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. फळ्यांमागच्या पट्ट्या त्या चिरेवर बसवलेल्या असल्या की चीर फळ्यांत उमटते. अशा भिंतीला पॅनेलिंगने झाकू नका. लातूर-धाराशिव पट्ट्यात तर अजिबातच नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सगळ्यात जास्त घात केला तो दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावरच्या जड माळवदांनी. जुन्या भिंतीची चीर डोळ्यांसमोर राहिली तर निदान वाढते का ते कळतं. आधी इंजिनिअरला दाखवा, फळ्यांचं नंतर बघता येईल.

ओल आहे की नाही याबद्दल शंका असेल तर दीड बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा कागद उघड्या भिंतीला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस सोडा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर ओल भिंतीची. बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर खोलीच्या हवेचा. पांढरी खारी भुकटी, म्हणजे लोणा, दिसत असेल तर ही चाचणी करायचीही गरज नाही. ती भिंत आधी दुरुस्त करायची, लाकूड नंतर.

कुलर

हे कारण बाहेरच्या देशांतल्या माहितीत सहसा सापडत नाही, आणि आपल्याकडे मात्र घरोघरी आहे. एप्रिल ते जून दिवसरात्र वाळ्याचा किंवा हनीकोंबचा कुलर चालतो. बाहेर हवा हाडं सुकवणारी आणि खोलीत ओलसर गारवा. कुलरच्या झोताखाली येणाऱ्या फळ्या मे महिन्यातच फुगतात आणि त्याच खोलीतल्या समोरच्या भिंतीवरच्या फळ्या आकसतात. लोक म्हणतात, एकाच लाकडाचं असं कसं? असंच.

इलाज सोपा आहे. कुलरचा झोत शिपलॅपच्या भिंतीवर घेऊ नका. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, तसाही बंद खोलीत कुलर नुसता चिकचिकाट करतो. रात्री काही वेळ पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतं, ते एकदा भिंतीजवळ टांगून बघा. आकडा ६० च्या वर टिकून राहत असेल तर फळीला पावसाळाच सुरू आहे.

लावलेल्या भिंतीचं काय करायचं

मे महिन्यात फटी दिसल्या तर लांबी, सिलिकॉन, भुसा-फेविकॉल, काहीही भरू नका. त्या महिन्यात करायचं काम वेगळं आहे: फट सगळ्यात रुंद असताना आतल्या ओठीला रंग द्या. डोळ्याला खटकते ती फट नसतेच, खटकते ती रंग न लागलेली पिवळी पट्टी. बारीक चपटा ब्रश, भिंतीचाच रंग थोडा पातळ करून, आत एक-दोन हात. रंग ओला असतानाच फटीतून एक पातळ पत्र्याची पट्टी फिरवा, म्हणजे दोन ओठ्या रंगाने एकमेकींना चिकटणार नाहीत. एवढ्यावर निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार मिटते, कारण पांढऱ्यावर पांढरी सावली दिसली की ती डिझाइन वाटते.

आधी कुणी फटी भरून ठेवल्या असतील तर त्या मोकळ्या करा. हॅक्सॉचं पातं फटीत घालून जुनी लांबी खरवडून काढायची. कंटाळवाणं काम आहे, पोरांना लावा. तेही उन्हाळ्यातच करायचं. पावसाळ्यात फळ्या एकमेकींवर दाबलेल्या असतात, पातं आत शिरत नाही आणि जोर केला की कडा तुटतात.

मग खिळे बघा. खरी गोम बहुधा इथेच असते. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक फळीला वर आणि खाली दोन्हीकडे खिळे मारलेले असतात, आणि खालचा खिळा खालून आलेल्या फळीच्या ओठीतूनही गेलेला असतो. दोन फळ्या एकाच खिळ्याने बांधल्या की एकीने आकसायचं म्हटलं तर दुसरीला ओढते, आणि जी कमजोर ती चिरते. सहा इंची फळीला प्रत्येक पट्टीवर एकच खिळा पुरे, चढावाच्या वर साधारण इंचभर. वरची कड मोकळी राहते, तिला पुढच्या फळीची ओठी धरून ठेवते. फळी त्या ओठीमागे वर-खाली सरकते. आठ इंची फळी असेल तर दोन खिळे मारा, पण दोन-अडीच इंचांच्या अंतराने मधल्या भागात, कडेला नको. जास्तीचे खिळे पकडीने काढा. डोकं आत गेलेलं असेल तर फळीमागून पातं घालून खिळा कापावा लागतो.

फळ्यांची पाठ भिंतीला गोंदाने चिकटवलेली असेल तर मात्र वाचवण्यासारखं फारसं नाही. नुसत्या गोंदावरचं काम मी दुरुस्तीला घेतच नाही. फळी काढताना प्लास्टरही येतं.

श्रावणात भिंतीला पोट आलं असेल तर दाबून खिळे ठोकू नका, चिरेलच. सगळ्यात वरची फळी काढा. तिची वरची कड रंधून चार-पाच मिमी कमी करा आणि छताशी १० मिमी जागा सोडून परत लावा. ती जागा बीडिंग पट्टीने झाका, पण पट्टीचे खिळे छताच्या बाजूला जायला पाहिजेत, फळीत नको. एवढ्याने पोट बसलं नाही तर वरून क्रमाने पाच-सहा फळ्या उतरवून प्रत्येकीच्या ओठीवरून दोन-तीन मिमी रंधा मारावा लागतो. फळ्या एकमेकींत अडकलेल्या नसल्यामुळे वरून सुरुवात केली की सुट्या होत येतात. नर-मादीच्या कामात हे इतकं सोपं नसतं.

नव्याने लावणार असाल तर

फट किती ठेवायची हे महिन्यावर ठरतं, आणि हे सुताराला पटवणं सगळ्यात अवघड. वैशाखात काम चालू असेल तर तीन मिमी, आणि श्रावणात असेल तर जेमतेम अर्धा. मोजायला १ मिमी मायकाचे तुकडे वापरा. उन्हाळ्यात तीन तुकडे एकावर एक धरून फळ्यांमध्ये ठेवायचे, फळी ठोकायची, तुकडे ओढून घ्यायचे. दिवाळी-संक्रांतीच्या सुमारास दोन तुकडे.

एका साइटवर सुतारमामांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "सर, एवढी फट ठेवली तर लोक म्हणतील सुताराला काम येत नाही."

"मामा, तुम्ही दाराच्या चौकटीत फळी बसवता, तिला खाचेत फेविकॉल लावता का?"

"छे! फळी फाटंल ना."

"मग हिला पण तोच न्याय लावा की."

मामांनी पुढे काही म्हटलं नाही, पण मायकाचे तुकडे स्वतःच कापून घेतले. ज्ञान त्यांच्याकडे होतंच. जुन्या वाड्यांतली दारं अजून धड आहेत ती त्यामुळेच. ग्राहकाला गुळगुळीत, एकसंध भिंत हवी असते म्हणून ते बाजूला ठेवलं जातं.

लाकूड वखारीतून आणल्या दिवशीच लावू नका. ज्या खोलीत लागणार त्याच खोलीत, मधे आडव्या पट्ट्या देऊन, दोन-तीन आठवडे थर लावून ठेवा. मॉइश्चर मीटर असलेला ठेकेदार मिळाला तर ८ ते १० टक्के बघा. हा आपल्या दोन टोकांचा मध्य आहे, इथून लाकूड दोन्हीकडे थोडं थोडंच जाईल.

स्वस्तात म्हणून औद्योगिक वसाहतींच्या भंगारातून पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या, पाईन फळ्या आणल्या जातात. वाईट काही नाही, पण त्यावरचा शिक्का वाचा. गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि 'एचटी' म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवला आहे. त्याने कीड मरते. लाकूड वाळलेलं आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि विकणारा नेमकं तेच सांगतो. 'एमबी' शिक्का असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं लाकूड आहे, घरात घेऊ नका.

ठोकण्याआधी फळीच्या चारही बाजूंना, ओठ्यांना आणि पाठीलाही, निदान एक हात प्रायमर द्या. फक्त पुढून रंग दिलेली फळी पाठीमागून हवेतला ओलावा घेते आणि वाकते. फळ्यांमागच्या पट्ट्या सोळा इंचांवर, ओळंब्यात. तळाला दगडी स्कर्टिंगच्या वरून सुरुवात करा, स्कर्टिंग नसेल तर फरशीपासून निदान अर्धा इंच वर. आडव्या फळ्यांच्या खाचांत धूळ बसते, आणि आपल्याकडे धुळीला तोटा नाही. रस्त्यालगतचं घर असेल तर फळ्या उभ्या लावा, पट्ट्या आडव्या. रोज झटकायचं एक काम वाचेल.

उधईचं थोडक्यात: मातीच्या नळ्या दिसल्या तर ती जमिनीतून, भिंतीतून येते. फळीला औषध चोपडून थांबत नाही, जोत्याशी भोकं पाडून इमिडाक्लोप्रिडसारखं औषध सोडावं लागतं. ते ते काम करणाऱ्यांकडूनच करून घ्या. माती नाही, पण बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो भुंगा, तो लाकडातच असतो. पट्ट्या हलक्या आंब्याच्या लाकडाच्या वापरल्या असतील तर बहुधा तिथूनच आलेला असतो.

एमडीएफचं (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डचं) तयार शिपलॅप रुंदीत कमी हलतं, म्हणून बैठकीत, कोरड्या भिंतीवर, मला ते पाईनपेक्षा बरं वाटतं. पण कडेला पाणी लागलं की फुगतं आणि सुकल्यावर परत बसत नाही, तो तुकडा बदलावाच लागतो. बाजारात शिपलॅप म्हणून विकले जाणारे पीव्हीसी पॅनेल हा वेगळाच प्राणी आहे. त्याला ओलाव्याने काही होत नाही, पण उष्णतेने ते लांबीत वाढतं. दहा फुटी तुकडा थंडीतून उन्हाळ्यात जाताना, तापमानात २५ अंशांचा फरक पडला तर, पाचेक मिमी लांबतो. तो दोन्ही भिंतींना टेकवून कापलेला असेल तर मे महिन्यात मधोमध उचलला जाईल. टोकांना जागा सोडा, वरून कोपऱ्याची पट्टी लावा.